मंडळी गाते, आपण नुसत्या बघतो



फाल्गुनातली अष्टाह्निका महिनाभरावर आली. अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत सिद्धचक्र विधान, आणि त्याआधीची ती नेहमीची बैठक: मुख्य पात्रं कोण होणार, चौका कोणाकडे, हार-फुलांचा मंडप किती मोठा, आणि संगीताला कोणाला बोलवायचं. बाकी सगळं पटापट ठरलं. शेवटच्या प्रश्नावर मात्र बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. "तीच मंडळी का पुन्हा?" "पण दुसरी कोण आहे?" "मागच्या वर्षी डोकं दुखलं हो माझं." उघडपणे कोणीच बोललं नाही आणि ठराव झाला. जे तिथे कुजबुजलं गेलं, ते आज इथे सरळ लिहिते आहे.

ही मंडळी कोणती ते मी सांगणार नाही. नागपुरातल्या माझ्या वाचक मैत्रिणी ओळखतील, बाहेरगावच्या मैत्रिणींना आपल्या गावातली एखादी आठवेल. नाव महत्त्वाचं नाही. मी मात्र या मंडळीची बावीस वर्षांची चाहती आहे. चाहती म्हणजे कशी? इतवारीत त्यांचं भजन असेल तर घरचा स्वयंपाक चार वाजता उरकून जाणारी. रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलं आणि तिथे ते गात आहेत असं कळलं, तर परतीची बस सोडणारी. त्यांच्या दोन कॅसेट माझ्याकडे अजून आहेत, वाजवायला यंत्र नाही तरी. तेव्हा हे कोण्या टीकाकाराचं लिहिणं नाही. ज्यांच्यावर जीव लावला त्यांच्याबद्दलची तक्रार आहे.

तेव्हा मंडळीत पाच जण होते. एक पेटी, एक ढोलक, झांज, खंजिरी, आणि गाणारे भाऊ. माइक एकच, तोही भाऊंच्या तोंडापासून हातभर लांब. ते एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात सगळी जादू होती. कारण ती जागा आपली होती. आपण ती ओळ उचलायचो, दोनशे बायका एका सुरात नाही तर एका मनात. कोणी चुकलं तरी ढोलक सांभाळून घ्यायची.

आता स्टेज आहे, मागे मोठा स्क्रीन आहे, त्यावर ढगांतून फिरणारं मंदिर आहे. कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, आणि अर्ध्या गाण्यांना तर आधी भरून आणलेला ट्रॅक आहे. ट्रॅक थांबत नाही. माणूस थांबतो, ट्रॅक थांबत नाही. आपण ओळ उचलायला तोंड उघडतो तोवर पुढचं कडवं सुरू झालेलं असतं. मग दोन-तीनदा प्रयत्न करून माणूस गप्प बसतो, आणि हातातल्या मोबाइलवर व्हिडिओ घेऊ लागतो.

हे वाचून कोणी म्हणेल, ताईंना जुनंच सोनं वाटतं. तसं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

"सिनेमाच्या चालीवर भजन म्हणतात" ही तक्रार मी करणार नाही. लोकांच्या तोंडी असलेली चाल घेऊन त्यात धर्माचे शब्द भरणं ही आपल्याकडे फार जुनी रीत आहे. गुजरातीतले जुने जैन रास उघडून पाहा. प्रत्येक ढाळेच्या आधी लिहिलेलं असतं की ही अमुक लोकगीताच्या 'देशी'वर म्हणावी. मोहनलाल दलिचंद देसाई यांनी 'जैन गूर्जर कविओ' या ग्रंथात अशा देशींची लांबलचक यादीच दिली आहे. साधूंनी लोकांच्या चाली घेतल्या, कारण लोकांनी सोबत गावं अशी त्यांची इच्छा होती. आपल्या मराठीतल्या जुन्या जैन कवींनीही ओवी आणि अभंग हेच छंद वापरले. जात्यावर बसलेल्या बाईला जे येत होतं, तेच त्यांनी घेतलं.

उलटाही प्रवास आहे. रवींद्र जैन यांचं उदाहरण घ्या. अलीगढचे, जन्मापासून दृष्टी नाही, आणि लहानपणी जैन मंदिरात भजनं म्हणत ते घडले. पुढे सिनेमाला आणि घराघरातल्या दूरदर्शनला त्यांनी जे संगीत दिलं त्यात मंदिराचा सूर होताच. २०१५ च्या ऑक्टोबरात ते आपल्या नागपुरात कार्यक्रमासाठी आले असताना तब्येत बिघडली, त्यांना मुंबईला नेलं, आणि ९ ऑक्टोबरला ते गेले. मंदिर आणि सिनेमा यांच्यामध्ये भिंत असती तर असा माणूस झालाच नसता. तेव्हा चाल कुठून आली हा माझा प्रश्न नाही.

वाद्यांचंही तसंच. पेटी तरी आपली कुठे होती? ती परदेशातून आली आणि आपल्या देवघरात बसली. उद्या कीबोर्डही बसेल.

माझा मुलगा गाणी ऐकणारा आहे. त्याने मला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत न्यूपोर्ट नावाच्या गावी लोकसंगीताचा मोठा उत्सव भरतो. २५ जुलै १९६५ ला तिथे बॉब डिलन हा लाडका लोकगायक साधी गिटार सोडून विजेची गिटार आणि सोबत बँड घेऊन उभा राहिला. त्याच्याच चाहत्यांतून ओरडा झाला. मुलाचं म्हणणं असं की, आई, आज जग डिलनच्या बाजूने आहे, ओरडणाऱ्यांच्या नाही. तुम्ही मंदिरातल्या बायका म्हणजे तेच. मी म्हटलं, पुढचं सांग. तर पुढचं असं की लोक नेमके कशाने चिडले यावर अजूनही वाद आहे. पीट सीगर नावाचे तिथले ज्येष्ठ गायक त्या दिवशी फार संतापले होते, आणि ते नंतर सांगत की आपला राग विजेच्या वाद्यावर नव्हता. आवाज इतका फाटलेला होता की शब्दच कळत नव्हते, त्यावर होता. म्हटलं, बघ, त्या आजोबांना आणि तुझ्या आईला एकच दुखणं आहे.

माझी खरी तक्रार काय, ते समजायला विधान कसं चालतं ते आठवा. तुम्हाला माहीत आहेच, पण मुलींसाठी लिहिते. सिद्धचक्र विधानात पहिल्या दिवशी ८ अर्घ्यं, दुसऱ्या दिवशी १६, मग ३२, ६४, १२८, २५६, ५१२, आणि आठव्या दिवशी १०२४. एकूण २०४० होतात. शेवटच्या दिवशी एका अर्घ्याला अर्धा मिनिट धरला तरी साडेआठ तासांचं काम. इतका वेळ मांडी घालून, उपवास किंवा एकासन करून, थाळीतलं द्रव्य संपत आलेलं, पाठ धरलेली, अशा अवस्थेत माणसाचं मन जागेवर कशाने राहतं? आपण स्वतः म्हणत असतो म्हणून राहतं. ओळ तोंडात असली की डोळा लागत नाही आणि मनात घरचा गॅस, मुलाची परीक्षा येत नाही. संगीत मंडळीचं काम आपल्याला रिझवायचं नाही, आपल्याला त्या ओळीवर धरून ठेवायचं आहे. नाव चालवणारा नावाडी जसा.

यासाठीच आपल्या पूजा छंदात बांधलेल्या आहेत. कवी संतलालजींचं सिद्धचक्र विधान असो की द्यानतरायजींची दशलक्षण पूजा, पानावर वर लिहिलेलं असतं: दोहा, गीता, अडिल्ल, त्रिभंगी, पद्धरी. शिकलेली नसलेली बाईसुद्धा "दोहा" म्हटलं की सूर लावते, कारण प्रत्येक छंदाची एक चाल गावागावात ठरलेली आहे. दोह्याच्या चरणात १३ आणि ११ मात्रा, पद्धरीत १६, हे तिला मोजता येत नाही. पण गळ्याला माहीत असतं. जयमाला लागली की पद्धरीची ती चालती लय आली, आणि सगळं मंदिर एकाच पावलाने चालू लागलं. पुस्तक नवं असलं, पूजा कधी ऐकलेली नसली, तरी छंद ओळखीचा म्हणून आपण पहिल्याच दिवशी गाऊ शकतो. आपल्या पूर्वजांनी केवढी शहाणी सोय करून ठेवली होती बघा.

मंडळीने ही सोय मोडली. दर अर्घ्यावलीला नवी चाल, तीही अशी की तान, मुरकी, वरची पट्टी. ऐकायला छान. म्हणायला अशक्य. पट्टी तर पुरुष गायकाच्या सोयीची, त्यात आपला आवाज खाली पडतो किंवा वर फाटतो. पूर्वी भाऊ मुद्दाम विचारायचे, "बाया, इथे जमते का? खाली घेऊ?" आता विचारणारं कोणी नाही, कारण कानात यंत्र लावलेलं असतं आणि त्यांना आपला आवाज ऐकूच जात नाही.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. शाळा दुसरीपर्यंत. डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. पण देव-शास्त्र-गुरू पूजा, चोवीस तीर्थंकरांची आरती, बारा भावना, मेरी भावना, सगळं तोंडपाठ. त्यांनी धर्म वाचला नाही, गायला. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं असंच आहे. पुरुषांना प्रवचनात बसायला, शास्त्र उघडायला वेळ आणि मान दोन्ही मिळाला. बायकांना चुलीपुढे जेवढं गाता आलं तेवढा धर्म मिळाला. आणि तो काही थोडा नव्हता. गेल्या वर्षी विधानात तीन दिवस त्या बसल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "मी घरीच म्हणते माझी पूजा. तिथे काय चालून राहिलं, मला तर सापडूनच नाही राहिलं." तक्रारीचा सूर नव्हता. पण साठ वर्षं ज्या मंदिरात त्या गायल्या तिथे त्यांना परक्यासारखं वाटलं, हे मला लागलं.

आणि फक्त म्हाताऱ्यांचंच नुकसान होत नाही. माझ्या पुतणीला मंडळीची सगळी हिट भजनं माहीत आहेत, रीलवर ती त्यावर नाचते. कौतुकच आहे. पण मंदिरात आरतीला माइक नसला, लाइट गेली, तर या मुलींना एक पूजा सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणता येत नाही. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. शेजारी बसून, आजीच्या ओळीमागे ओळ म्हणत आलं. ती शेजारची ओळच आता भोंग्याखाली दबली, तर यांना कुठून येणार?

आपल्या विदर्भातच एक दुसरं उदाहरण आहे. झाडीपट्टीची नाटकं. वडसा-देसाईगंज हे त्यांचं ठाणं, दिवाळीनंतर हंगाम, रात्रभर नाटक, समोर हजारो माणसं. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथेही जुने रसिक कुरकुरतात की आता नाच-गाण्याचा भरणा वाढला. पण तिथे माणूस तिकीट काढून बघायलाच जातो. नाटक कंपनीला गर्दी खेचावीच लागते, आणि न आवडलं तर प्रेक्षक दुसऱ्या नाटकाला जातो. मंदिरात आपण प्रेक्षक नाही. पूजा आपली आहे. पूजेत प्रेक्षक झालो, तर आपण तिथे कशाला बसलो आहोत? मैनासुंदरीने सिद्धचक्राची आराधना स्वतः केली होती. कोणी करतं आहे आणि ती बघते आहे, असं कथेत कुठेही नाही.

आता आवाजाचं आणि वेळेचं. नियम सांगतो की रात्री १० ते सकाळी ६ भोंगा नको, आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. हे २००० सालचे नियम आहेत. आपण ज्या धर्मात पाणी गाळून पितो, दिव्यावर चिमणी ठेवतो की पतंग जळू नये, त्या धर्माच्या मंडपाशेजारी एखादं तान्हं बाळ दचकून उठत असेल तर आपण कसली अहिंसा मिरवतो? आणि वेळ. पूर्वी मंडळी सूर्यास्ताच्या आधी आपल्यासोबत पंगतीत जेवायची. आता साउंड लावण्यातच संध्याकाळ जाते, कार्यक्रम आठ वाजता सुरू होतो, आणि मग "कलाकारांसाठी काही व्यवस्था?" म्हणून रात्री विचारणा. दिवसभर चौका सांभाळलेल्या बाईला रात्री चूल पेटवायला सांगणं, तेही विधानाच्या दिवसांत! नाही म्हणावं तर पाहुण्याला उपाशी ठेवल्याचं पाप, हो म्हणावं तर नियमाला बाध.

मंडळीची बाजूही मांडायला हवी, नाहीतर ती निंदा होईल. ढोलकवाले दादा आपल्या समाजाचे नाहीत. ते लग्नसराईतही वाजवतात आणि त्यावर त्यांचं घर चालतं. भाऊंचं वय झालं, मुलाने धंदा हाती घेतला, कर्ज काढून साउंड घेतला. शहरोशहरी तरुणांसाठी भजनाचे तिकिटाचे जलसे होऊ लागलेत, समोर स्पर्धा मोठी आहे. आणि आपण काय केलं? बैठकीत कोणाला मत पडतं? ज्याचा मंडप मोठा, ज्याचा व्हिडिओ छान. ज्यांनी द्रव्य दिलं त्या यजमानांना वाटतं की पाहुण्यांनी "काय कार्यक्रम झाला!" म्हणावं. मागणी तशी पुरवठा. मंडळी आपोआप बदलली नाही, तिला पैसे देणाऱ्यांनी ती बदलवली. आणि पैसे देणाऱ्यांत आपली महिला मंडळंही आहेत, डब्यात रुपया-रुपया जमवणारी. मग आपला शब्द का चालू नये?

म्हणून कुजबुज पुरे. तक्रार करायची तर ती ज्याची आहे त्याच्यासमोर, आणि हित-मित-प्रिय वाणीने. पाठीमागे बोललं तर ती निंदा, समोर प्रेमाने सांगितलं तर ते उपगूहन आणि स्थितिकरण. मंडळी बदलू नये असं माझं मत आहे. बावीस वर्षांचं नातं आहे, आणि त्यांना येत नाही असं नाही. त्यांना येतं ते आपण ऐकलेलं आहे. आपण फक्त इतकं मागावं:

पूजा आणि अर्घ्य छंदाच्या ठरलेल्या चालीवरच. नवी चाल, नवं भजन, सगळं संध्याकाळच्या कार्यक्रमात खुशाल करा.

पूजेच्या वेळी ट्रॅक नको. पेटी-ढोलक पुरे. ओळ म्हटल्यावर थांबा, आम्हाला उचलू द्या.

पट्टी बायकांना विचारून. एक माइक आमच्या बाजूला ठेवा, आजींच्या हातात.

आवाज मंडपाच्या बाहेर जाणार नाही इतकाच.

कलाकारांचं जेवण सूर्यास्ताच्या आत, आपल्या पंगतीत, मानाने. त्यासाठी साउंड दुपारीच लावा.

आणि एक मागणी आपल्याकडून आपल्यालाच: मानधन कमी करायचं नाही. स्क्रीन नको म्हणून पैसे कापले, तर पुढच्या वर्षी ते स्क्रीन घेऊनच येतील.

आपल्या मंदिराच्या महिला मंडळाची बैठक येत्या रविवारी दुपारी तीनला आहे. मी हा कागद घेऊन जाणार आहे, आणि त्याच दिवशी दोन-तीन जणी मिळून भाऊंच्या घरी जाऊ. फोनवर नाही, घरी. त्यांच्या घरच्या वहिनी चांगल्या ओळखीच्या आहेत, बसून बोलता येईल. ज्यांना सोबत यायचं त्यांनी यावं. बाहेरगावच्या मैत्रिणींनो, तुमच्या विधानाची बैठक अजून व्हायची असेल, तर ठराव होण्याआधी हात वर करा. ठराव झाल्यावरची कुजबुज कोणाच्याच कामाची नाही.

मिच्छामि दुक्कडम् म्हणायला अजून भाद्रपद लांब आहे, तरी या लिहिण्याने मंडळीतल्या कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. आम्हाला तुमचं गाणं हवं आहे. फक्त त्यात आमची ओळ परत द्या.

जय जिनेंद्र.